कर्णिकबाईंकडे सगळे नवे

कर्णिकबाईंच्या योगवर्गात पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला जाई. "काय काय येतं?"

"काही येत नाही" असं उत्तर दिलं तर बाई सतरंजीकडे बोट दाखवत आणि तुम्ही वर्गातले झालात. दुसरं काहीही बोललात तर तुमची सकाळ वाया गेली म्हणून समजा. एक निवृत्त फौजदार आले होते. छाती पुढे काढून म्हणाले, "नोकरीत असल्यापासून रोज करतो. शीर्षासनसुद्धा."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मग इथे कशाला आलात? तुमचं झालंय की सगळं. घरी जाऊन पोहे खा."

फौजदारांना वाटलं थट्टा आहे, ते मोठ्याने हसले. बाईंनी त्यांना दारात, चपलांच्या ढिगाशेजारी उभं केलं आणि तासभर नुसतं उभं राहायला शिकवलं. टाच कुठे, गुडघा कुठे, हनुवटी कुठे. "उभं राहता येत नाही आणि निघालेत डोक्यावर उभे राहायला," हे वाक्य सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. फौजदारांच्या मिशा घामाने ओल्या झाल्या. त्यांचं एक मानलं पाहिजे, दुसऱ्या दिवशी ते आले आणि सरळ दारातच जाऊन उभे राहिले.

वर्ग भरायचा गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका मंगल कार्यालयात. नव्वदीची सुरुवात होती, तेव्हा त्या भागात बंगले होते आणि बंगल्यांना पेरूची झाडं होती. कार्यालयाच्या मालकांचा गुडघा बाईंनी बरा केला होता, म्हणून सकाळचा हॉल त्यांनी बाईंना देऊन टाकला होता. आदल्या दिवशी लग्न झालेलं असलं की सतरंजीवर हळदीच्या अक्षता असत. पालथं झोपलं की त्या गालाला चिकटत आणि वर्गाहून परस्पर ऑफिसला गेलं की लोक विचारत, "कुणाचं होतं?" लग्नसराईत हॉल मिळत नसे. मग बाई आम्हाला मागच्या जेवणाच्या दालनात नेत. फरशी तेलकट, शेजारी आचारी जिलब्या काढतोय, आणि आम्ही रिकाम्या पोटी श्वास आत घेतोय. "दीर्घ घ्या," बाई म्हणत. "जिलबीचा वास येतोय ना? येऊ दे. जिलबी नाही मिळणार." हे त्या मिटक्या मारत सांगत असाव्यात असा मला अजून संशय आहे.

मी तेव्हा टेलिफोन खात्यात, ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर होते. दिवसभर डोक्याला हेडफोन लावून मान आखडली होती. डॉक्टर म्हणाले, पट्टा लावा नाहीतर योगासनं करा. गळ्यात पट्टा घालून सिटी बसमध्ये चढायची माझी तयारी नव्हती. बाईंनी मला "काय येतं?" विचारल्यावर मी घाबरून "मान दुखते" म्हटलं.

"ते येणं नव्हे, ते दुखणं," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं नाव 'मान'.

बाई कुणाचं नाव लक्षात ठेवत नसत. एक गुडघे होते, एक पोट होतं, दोन मधुमेह होते, आणि कॉलेज रोडच्या एका कापडवाल्याची बायको होती तिला त्या सरळ 'गाठोडं' म्हणत. "गाठोडं आज दिसत नाही?" ती बिचारी मागे असायची आणि हात वर करायची. एखादा नवा माणूस हे ऐकून हसला तर बाई त्याच्याकडे वळत आणि त्याला तिथल्या तिथे नाव मिळे. दिसायला बाई किडकिडीत, केस मानेपर्यंत कापलेले, अंगात पांढरा पंजाबी ड्रेस आणि ओढणी कमरेला करकचून बांधलेली. बाराही महिने हातात छत्री. छत्रीचं टोक टाचेला, बरगडीला, पोटरीला लागे आणि जिथे लागे तिथे खरोखर काहीतरी चुकलेलं असे. त्या कुठे शिकल्या, लग्न केलं होतं का, कुणालाच माहीत नव्हतं. एका मुलींच्या शाळेत त्या पूर्वी पी. टी. घेत असं कुणीतरी म्हणे, आणि बाईंचा आवाज ऐकल्यावर ते पटायचं.

त्यांचं सगळं शास्त्र एका गोष्टीत मावत असे. योगात जुनं कुणी नसतं. "काल उभे होतात तो दुसरा माणूस. आज पहिल्यांदा उभे राहताय, असे उभे राहा." "येतं म्हणालात की अंग ऐकायचं बंद करतं." "मला हे माहीत आहे, असं ज्याच्या चेहऱ्यावर दिसेल त्याने आजच्या दिवस घरी जावं." हे नुसतं दुसऱ्यांना सांगायचं नव्हतं. रोज वर्ग सुरू होण्याआधी बाई स्वतः पुढे उभ्या राहत आणि सगळ्यांत नव्या माणसाला विचारत, "माझं काय चुकतंय ते सांग." तो नवशिका घाबरून म्हणायचा, "काही नाही, बाई." "डोळे कशाला दिलेत? बघ नीट." तो काहीतरी सांगेपर्यंत वर्ग सुरू होत नसे. एकदा पंचवटीतली एक भाजीवाली नवीनच येऊ लागली होती. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हनुवटी लय वर हाय तुमची. माणूस शिष्ट दिसतंय."

बाईंनी हनुवटी खाली घेतली, म्हणाल्या, "बरोबर आहे. आभारी आहे." आणि मग त्या दिवशी आमची हाडं मोडेपर्यंत वर्ग घेतला. पण आभार मानले होते, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

बाईंनी एक प्रकार काढला होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. त्याला वर्गात 'समोर करणं' म्हणत. सगळ्यांत जुन्या माणसाला सगळ्यांत नव्यासमोर उभं करायचं. नवा जसं आसन करील तसंच जुन्याने करायचं. त्याचा गुडघा वाकला की आपला वाकवायचा, तो डुगडुगला की आपण डुगडुगायचं, त्याचा श्वास अडकला तिथे आपला अडकवायचा. जुन्याने आपलं येणं टाकून द्यायला शिकावं, हा बाईंचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण त्यात नव्याला आपल्या सगळ्या चुका समोरच्या तरबेज अंगात आरशासारख्या दिसत, आणि त्या दिसताना बाकीचा वर्ग बघत असे.

ह्या कामाला बाई नेहमी एकाच व्यक्तीला पुढे बोलवत. मंदा आहेर. वर्गात नावाने हाक मारली जाणारी ती एकटी.

मंदा कळवणकडची. सातवीतून शाळा सुटली, मग कांद्याच्या वावरात वाढली आणि लग्न करून नाशकात सिडकोत आली. नवरा पाटबंधारे खात्यात होता. रोज पहाटे लुनावरून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून ती वर्गाला यायची. तिचं त्रिकोणासन बघताना आपलं आसन करायचं राहून जायचं. त्यात ताकद होतीच, पण घाई अजिबात नव्हती. बाईंनी तिला कधी "छान" म्हटल्याचं कुणी ऐकलं नाही. छत्रीचं टोक मात्र सर्वांत जास्त तिलाच लागत असे.

एकदा पोस्टातून निवृत्त झालेले कुलथे म्हणून गृहस्थ आले. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, बोलायला मृदू. त्यांचा उजवा हात थरथरायचा. बाईंनी त्यांना समोर केलं. मंदाने त्यांच्यासारखा हात वर उचलला आणि ती बिचारी सांगितलेलं काम चोख करणारी, तिचाही हात तसाच थरथरायला लागला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघे-तिघे हसले. बाईंनी कुणाला थांबवलं नाही. उलट म्हणाल्या, "मंदा, त्यांचा ओठपण हलतोय. तो राहिला."

कुलथ्यांनी हात खाली घेतला, पंचा घडी केला, आम्हा सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. ते परत कधी आले नाहीत. मंदा चपलांपाशी रडत उभी होती. बाई तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "रडायला काय झालं? पहिल्यांदाच आपलं चुकलं असं वाटतंय ना? मग चांगलं झालं." आणि छत्री टेकत आत गेल्या. त्या दिवशी मला बाईंचा मनापासून राग आला. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला गेले, कारण मान बरी होत चालली होती.

मंदाला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने मला लुना ढकलत ढकलत सांगितली. तिच्या कॉलनीतल्या बायका आम्हाला शिकव म्हणून तिच्या मागे लागल्या होत्या. समाजमंदिर सकाळी रिकामंच असायचं.

"मग कर की सुरू," मी म्हटलं.

"बाई म्हटल्याशिवाय नाय, ताई. मला आजवर कोणी म्हटलंच नाय वो, मंदा, तुला येतं म्हणून. शाळेत नाय, सासरी नाय. भाकरी केली तरी सासू म्हणायची, जमंल हळूहळू. बाईंनी एकदा म्हणावं. बास."

त्या गुरुपौर्णिमेला वर्ग संपल्यावर तिने बाईंसमोर नारळ ठेवला आणि सगळ्यांसमक्ष विचारलं. शिकवू का म्हणून.

"तुला येतं असं कोण म्हणालं?" बाई म्हणाल्या.

"कोणी नाही. बाया म्हणतात."

"बायांना काय कळतं? येतं हेच तुझं दुखणं आहे, मंदा. नुसतं ओसंडतंय तुझ्या अंगातून. ज्या दिवशी तुला खरोखर काही येत नसेल त्या दिवशी शिकव. तोवर नव्यांच्या रांगेत बस."

मंदाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून ती नव्यांच्या रांगेत बसली. आणि बसलीच. वर्षामागून वर्षं गेली. दर गुरुपौर्णिमेला ती विचारायची आणि बाई तेच उत्तर दरवेळी थोड्या कमी शब्दांत द्यायच्या. शेवटी शेवटी तर नुसता हात झटकायच्या. दरम्यान आमच्यातल्या एका मधुमेहाने इंदिरानगरात पाटी लावून वर्ग सुरूसुद्धा केला. मी मंदाला म्हटलं, "अगं, सोड त्या म्हातारीचा नाद." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला देवळातला नारळ चोरायला सांगितला होता. "त्यांना दिसत असंल काहीतरी," ती म्हणाली. "उगं नाय म्हणत त्या."

दोन हजार साल उलटून गेलं. गल्लीतल्या बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, माझ्या बोर्डाच्या जागी संगणक आले. बाई आहे तशाच होत्या. एका सकाळी त्रिकोणासन चाललं होतं. बाई म्हणाल्या, "मंदा, डावा पाय." मंदाने खाली आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं. मग वर पाहून शांतपणे विचारलं, "कुठला, बाई?"

आता छत्री बसणार म्हणून आम्ही सगळे थांबलो. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत? इतकी वर्षं शिकवते. हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. डावा कुठला ते सगळ्यांना आधीच माहीत असतं."

तिथून पुढे मंदा वर्गाचा विषयच झाली. ती ताडासनात उभी राहायची ती जणू पहिल्यांदाच कुणी तिला जमिनीवर उतरवलंय. हात वर करायला सांगितलं की थोडा वेळ लागायचा. नजरेत भाबडेपण आलं होतं. ज्या सूर्यनमस्कारांची साखळी ती झोपेतही घालू शकली असती त्यात ती मध्येच थांबायची आणि शेजारच्याकडे बघायची. बाई तिच्याकडे बघताना डोळे पुसायच्या. "हिच्या अंगात आता काही साठवलेलं उरलं नाही," म्हणायच्या. कॉलेजातले एक प्राध्यापक होते, त्यांनाही वाटलं आपणही असं करून बघावं. त्यांनी चेहरा भाबडा करून विचारलं, "बाई, हात म्हणजे कुठला?" त्यांना छत्री बसली.

एकदा चपलांपाशी मंदा मला म्हणाली, "तुमचं नाव काय वो ताई?" आणि हसली. मला वाटलं हाही अभ्यासाचाच भाग. मी पण हसून म्हटलं, "मी नवीनच आलेय." ती माझ्या चपला घालून निघून गेली आणि मी तिच्या घालून घरी आले. घरी हे सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. आम्हा सगळ्यांना ती कुठेतरी पोचली आहे असंच वाटत होतं, कारण कुठे पोचायचं ते बाईंनी आम्हाला इतकी वर्षं सांगून ठेवलं होतं.

मग एक दिवस तिचा नवरा आला. आहेर सरळ माणूस, बायको ज्यांना देव मानते त्या बाईंशी काय बोलावं हे न सुचणारा. दारात चपला काढून उभा राहिला.

"बाई, तिला काय शिकवू राहिल्या तुम्ही? परवा गॅसवर दूध ठेवलं आणि उतू जाऊ राहिलं तरी नुसती बघू राहिली. सकाळी डोकं धरून बसते. उलट्या होतात. काल पोरीचं नाव आठवेना तिला."

"शरीर टाकतंय जुनं," बाई म्हणाल्या. "होतं असं."

"डॉक्टरला दाखवू का?"

"दाखवा की. गोळ्या देतील, झोपवून ठेवतील. मी तिला जागं करायला इतकी वर्षं घातली, तुम्ही झोपवा. संसारी माणसाला भीती वाटायचीच."

आपल्याला ह्यातलं काही कळत नाही हे आहेरला मान्य होतं. तो चपला घालून गेला, आणि मंदाला त्याने डॉक्टरकडे नेलं नाही.

पुढची गुरुपौर्णिमा आली. सगळ्यांनी नमस्कार केले. मंदाने ह्या वेळी काही विचारलं नाही, ती आपली सतरंजीच्या काठाचे दोरे ओढत बसली होती. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या आणि मग उभ्या राहिल्या.

"हिने आज मागितलं नाही," बाई म्हणाल्या. "मागायचं आहे हेही तिच्यात राहिलं नाही. मंदा, ऊठ. उद्यापासून वर्ग तू घ्यायचास. मी खाली बसेन."

हे मात्र मंदाला कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ती धडपडत उठली, बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथूनच विचारलं, "मला येतं, बाई?"

"येतं," बाई म्हणाल्या.

तिने इतक्या वर्षांत ऐकायला मागितलेला शब्द एवढाच होता. ती रडली, आम्ही सगळे रडलो. कापडवाल्याच्या बायकोने पेढे आणले होते ते वाटले.

दुसऱ्या दिवशी मंदा पुढे उभी राहिली, बाई नव्यांच्या रांगेत. मंदा म्हणाली, "उभे राहा." आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उभे राहा." आम्ही आणखी ताठ झालो. असं तासभर चाललं. ती आमच्याकडे प्रेमाने बघायची, खिडकीकडे बघायची, आणि पुन्हा म्हणायची, "उभे राहा." बाहेर आल्यावर प्राध्यापक म्हणाले, "केवढी ताकद आहे ह्या एका सूचनेत!" कुणी म्हणालं, आज खरं ताडासन कळलं.

फौजदारांनी तेवढी वाहवा केली नाही. आता ते चांगलेच म्हातारे झाले होते. ते बाईंपाशी गेले आणि म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर माणसांची तोंडं वाचली आहेत. ह्या पोरीला काहीतरी झालंय."

"फौजदार," बाई म्हणाल्या, "तुम्ही अजून दारातच उभे आहात."

फौजदारांनी वाद घातला नाही. ते रिक्षा करून सिडकोत गेले, आहेरांच्या घरी बसले आणि मंदाला दवाखान्यात नेल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. नाशकातल्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि मुंबईला पाठवलं. डोक्यात पुढच्या बाजूला गाठ होती, चांगली पेरूएवढी. कॅन्सरची नव्हती. हळूहळू वाढणारी, साधी गाठ. काढली. मुंबईचे डॉक्टर आहेरला म्हणाले, एवढी वाढेपर्यंत काय करत होता तुम्ही? डोकं दुखायला लागलं तेव्हाच आणली असती तर ही पूर्वीसारखी झाली असती. आता जे दाबलं गेलं ते दाबलं गेलं. जीव वाचला म्हणायचं. मंदा घरी आली. चालते, जेवते, हसते. आत्ता सांगितलेलं आत्ता विसरते.

बाईंना हे सांगायला मी आणि फौजदार गेलो. त्या हॉलमध्ये एकट्याच होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विसरलीस का गं, एवढंच विचारायला हवं होतं मी तिला."

फौजदार "हो" म्हणाले. मला त्यांचं ते "हो" आवडलं. मीही बाईंची समजूत काढली नाही. आम्हा सगळ्यांना रोज नवं व्हायला लावणाऱ्या त्या हॉलमध्ये एकच माणूस असं होतं की ज्याला सगळं आधीच माहीत होतं, आणि त्याची फेड दुसऱ्याच कुणीतरी केली होती. हे मी तेव्हा तोंडावर बोलले नाही, पण त्यांना ते कळलं असावं.

बाई त्याच संध्याकाळी आहेरांकडे गेल्या. आम्ही सोबत होतो. आहेर दारात आडवा उभा राहिला.

"तुम्हाला समद्याचं चुकलेलं दिसतं ना, बाई?" तो आवाज न चढवता म्हणाला. "टाच इकडची तिकडं झाली तरी दिसतं. माझ्या बायकोच्या डोक्यात एवढी गाठ, ती नाय दिसली? मी आलो होतो तुमच्या दारात. चपला काढून उभा होतो."

"नाही दिसली," बाई म्हणाल्या.

तो बाजूला झाला. बाई आत गेल्या. मंदाने त्यांना पाहून "बाई!" म्हणून टाळी वाजवली. बाईंना ती विसरली नव्हती.

वर्ग त्यानंतर भरला नाही. बाईंनी काही जाहीर केलं नाही. एका सकाळी हॉलला कुलूप होतं, आणि थोड्याच दिवसांत आम्ही आपापल्या सोयीचे दुसरे वर्ग शोधले. मी जाते तिथे गाणी लावतात आणि सगळ्यांना नावाने हाक मारतात. वर्गाच्या शेवटी आमचे मास्तर सगळ्यांना "फारच छान" म्हणतात. मला तिथे कंटाळा येतो, हेही खरं आहे.

द्राक्षांचे दिवस होते. मी एक किलोभर घेऊन मंदाला बघायला सिडकोत गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत कॉट आणि टी. व्ही. ह्यांच्या मधल्या जागेत कर्णिकबाई उभ्या होत्या. दोन्ही हात वर, दंड कानाला टेकलेले, बोटं ताणलेली. खूप वाळल्या होत्या. समोर कुणी नव्हतं. आहेर कॉटवर बसून मटार सोलत होता. आतून, स्वयंपाकघरातून, नळाचा आवाज येत होता.

"बसा ताई," आहेर म्हणाला. "मंदी आत गेलीय. शिकवता शिकवता जाते, मग विसरून जाते."

"हे रोज?"

"रोज. बाई येतात, मंदी शिकवते. पोरीचं नाव अजून नीट येत नाय तिला. माझं येतं कधी कधी. पण बाईंनी शिकव म्हटलंय, तिला येतं म्हटलंय, हे काय विसरत नाय ती. उठली की पहिलं तेच."

आतून मंदा कसलंसं गाणं गुणगुणत होती. भांडं एकच असावं, ते ती पुन्हा पुन्हा विसळत होती. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"किती वेळ झाला?" मी हळूच विचारलं.

"झाला बराच."

"अहो, मग हात खाली घ्या म्हणा ना त्यांना. सत्तरीच्या आहेत."

आहेरने शेंग मोडली, दाणे परातीत टाकले. "मी नाय म्हणणार," तो म्हणाला. "मंदी म्हणंल तव्हा."

मी द्राक्षं कॉटवर ठेवली. मंदा बाहेर येईल असं दिसेना. उठले, दारात जाऊन चपला घातल्या आणि एकदा मागे पाहिलं. बाईंचे कोपर वाकायला लागले होते. त्यांनी ते पुन्हा सरळ केले.